सांगायचं गाव

अंबाखोरच्या लोकांनी वेशीवर कमान उभारली आणि उद्घाटनाला मंदाकिनी तायडेला बोलावलं. कमान सिमेंटची, रंग लाल-पिवळा, आणि वर ठसठशीत अक्षरं: 'जगप्रसिद्ध अंबाखोराइट खनिजाच्या गावी आपले स्वागत असो'. मंदाला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि ऊन थेट तोंडावर येईल अशी पहिल्या रांगेतली मानाची खुर्ची मिळाली. सरपंच द्वारकाबाई माइकवर म्हणाल्या, "या ताईंच्या वडलांनी आमच्या गावचा दगड जगाला दाखवला. नाहीतर आम्हाला तालुक्यात कोणी ओळखत नव्हतं." टाळ्या पडल्या. मंदानं हात जोडले. अंबाखोरच्या शिवारात मात्र त्या दगडाचा एक कणही नव्हता, आणि त्या मांडवात हे फक्त तिला ठाऊक होतं.

ही भानगड समजायची तर आधी गारगोटीचा धंदा समजला पाहिजे.

मंदाच्या वडलांचं, अण्णा तायड्यांचं, जळगावात गारगोट्यांचं दुकान होतं. खानदेशात विहीर खणा नाहीतर रस्त्यासाठी दगड फोडा, काळ्या पाषाणात मधेच पोकळी लागते आणि पोकळीत स्फटिक: पांढरे, गुलाबी, मोरपंखी. मजूर ते गोणपाटात गुंडाळून आणायचे. अण्णा ते धुऊन, कापसात ठेवून परदेशातल्या शौकिनांना विकायचे. या धंद्यात प्रत्येक दगडाला दोन गावं असत, एक खरं गाव आणि एक सांगायचं गाव. खरं गाव कळलं की दुसऱ्या दिवशी दुसरा व्यापारी तिथे पहार घेऊन हजर, म्हणून गिऱ्हाइकानं विचारलं की सांगायचं गाव सांगायचं. धंद्यातली माणसं असलं गाव ऐकून मान डोलवत आणि चहा मागवत. कोणी ते खरं धरत नसे, त्यामुळे त्या खोट्यानं कुणाचं वाकडंही होत नसे. मंदा फ्रॉक घालत होती तेव्हापासून तिला ही गावं तोंडपाठ होती.

मंदानं लग्न केलं नाही, दुकान केलं. धाकटी सिंधू हिवरदरीला दिली, जामनेरच्या पलीकडे. तिच्या लग्नानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात सासरच्यांनी विहीर खणायला घेतली. सुरुंग लावला, आणि धूर खाली बसल्यावर दिसली खाटेएवढी पोकळी. आतून फिकट मधाच्या रंगाचे सुईसारखे स्फटिक आणि त्यांच्या मागून बोटभर धारेनं येणारं पाणी. अण्णांना निरोप गेला. ते दोराला धरून स्वतः विहिरीत उतरले, बराच वेळ हात लावून पाहत राहिले, आणि वर येऊन सिंधूच्या सासऱ्यांना म्हणाले, "व्याही, हा तुमच्या पाण्याचा दरवाजा आहे. इथे कोणाला हात लावू देऊ नका. मी एकच तुकडा नेतो." पोकळीच्या तोंडावर त्यांनी उभं राहून सिमेंट चढवून घेतलं, पाण्यापुरता एक पाइप ठेवला. तेव्हापासून ती विहीर एकाही उन्हाळ्यात आटली नाही. वैशाखात निम्मं हिवरदरी सिंधूच्या दारात घागरी घेऊन यायचं.

तो नारळाएवढा तुकडा दुकानात काचेखाली असताना पुण्याहून डॉ. विशाखा बेडेकर आल्या. त्या भूशास्त्रज्ञ, तेव्हा अगदी तरुण. दगड पाहिला आणि त्यांनी पर्समधून भिंग काढलं. "हा कुठला?"

अण्णांनी श्वास घ्यावा इतक्या सहज सांगायचं गाव सांगितलं. आदल्या दिवशी धुळ्याच्या पलीकडून येताना एसटी पंक्चर होऊन ज्या गावाला थांबली होती आणि जिथे त्यांनी चहा घेतला होता, ते अंबाखोर. गावाचा आणि दगडाचा संबंध म्हणाल तर एक कप चहा, तोही बिनदुधाचा.

पण बेडेकर धंद्यातल्या नव्हत्या. त्यांनी ते खरं धरलं. दगड तपासला तर तो नवाच निघाला, जगात कुठे नोंद नसलेला. नव्या खनिजाला ते जिथे सापडलं त्या गावाचं नाव देण्याची पद्धत असते. ते अंबाखोराइट झालं. छापील लेख घरी आला तेव्हा अण्णा आधी खो खो हसले, मग त्यांनी लेख घडी घालून बाजूला ठेवला. "मंदे," ते म्हणाले, "आता हे मागे घेता येत नाही. सिंधूच्या विहिरीवर जत्रा जमेल. तूही बोलू नकोस." चार वर्षांनी ते गेले. मंदा बोलली नाही.

पुढे तीस वर्षं अंबाखोराइट पुण्याच्या एका कपाटात पडून राहिला, आणि तसाच पडून राहिला असता तर बरं झालं असतं.

तो होता झिओलाइट जातीचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या मुलखावर लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. मग लाखो वर्षं गरम पाणी त्या खडकातून झिरपत राहिलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन यांची जाळी विणत गेलं. या जाळीत रेणूच्या मापाच्या खोल्या असतात, खोल्यांना दारं असतात, आणि आत पाणी मुक्कामाला असतं. दगड तापवला की पाणी निघून जातं, पण घर कोसळत नाही. गार झाला की हवेतलं पाणी पुन्हा येऊन राहतं. हे सगळेच झिओलाइट करतात. फक्त पाणी सोडायला इतरांना भट्टी लागते. अंबाखोराइटच्या दारांची ठेवण अशी काही जमून आली होती, की तो रात्रीच्या कोरड्या हवेतूनही पाणी ओढायचा आणि सकाळी नुसत्या उन्हानं सोडून द्यायचा. वीज नको, पंप नको. छपरावर एक पेटी ठेवा, नळीखाली भांडं लावा.

बेडेकरांच्या विद्यार्थ्यांनी हे दाखवून दिलं तेव्हा २०४२ साल उजाडलं होतं आणि राज्यातली निम्मी धरणं फेब्रुवारीतच तळ दाखवत होती. लोकांनी अंबाखोराइट डोक्यावर घेतला. अडचण एकच होती. प्रयोगशाळेत तो तयार होईना. त्याच मसाल्यातून दर वेळी दुसराच, कामाचा नसलेला झिओलाइट निघायचा. दह्याला विरजण लागतं, तशी त्याला अस्सल दगडाची पूड लागायची, आणि अण्णांचा तुकडा चाचण्यांतच संपत आला होता. अजून दगड हवा होता. तो कुठे मिळतो हे तर नावातच होतं.

कमान झाली ती या दिवसांत. मग सरकारनं दगड काढायचा प्रकल्प हाती घेतला आणि अंबाखोरच्या डोंगरावर यंत्रं आली. बोअर घेतले, काही लागलं नाही. एखाद्या साध्या माणसानं विचार केला असता की इथे नसेल. प्रकल्पाच्या तज्ज्ञांनी विचार केला की अजून खोल असेल, कारण अंबाखोराइट अंबाखोरला नसेल तर असेल कुठे? त्यांनी सुरुंग लावायला सुरुवात केली.

बेडेकर एका दुपारी दुकानात आल्या. केस पांढरे झालेले, हातात काठी. मंदानं सरबत केलं. त्यांनी पेल्याला हातही लावला नाही.

"मंदाताई, तुमच्या वडलांच्या तुकड्याच्या पाठीला थोडा खडक चिकटलेला होता. त्यात हिरवी माती होती. अंबाखोरचा खडक घट्ट आहे, त्यात तसलं हिरवं काही नाही. हा दगड तिथला नाही, हो ना?"

"तुम्हाला हे आत्ता कळलं?"

बेडेकरांनी काठीकडे पाहिलं. "नाही. पहिल्याच वर्षी. पण तोवर नाव नोंदवून झालं होतं. मला नोकरी लागली होती त्या दगडावर. म्हटलं, एवढंसं खनिज, कपाटात राहील."

"मग आता सांगा की सगळ्यांना."

"मी सांगून काय होणार? तिथला नाही एवढंच सांगू शकते. कुठला आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्याशिवाय ते खोदणं थांबवणार नाहीत."

"मला काही माहीत नाही," मंदा म्हणाली. एवढं शिकलेली बाई आणि एवढी अडाणी बाई समोरासमोर बसून एकाच पापावर पांघरूण घालत होत्या, हे मंदाला दिसत होतं. तिला बेडेकरांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि तिनं न प्यालेलं सरबत मोरीत ओतून दिलं.

महिन्याभरानं द्वारकाबाईंचा फोन आला. डोंगराचा झरा आटला होता. गाव त्या झऱ्यावर जगायचं. सुरुंगांनी आतली भेग सरकली आणि पाणी कुठे गेलं ते कळलंच नाही. आता बिनड्रायव्हरचा टँकर यायचा आणि बटण दाबलं की मोजून पाणी सोडून निघून जायचा. "आन् आता पुढचा सुरुंग गावठाणाखाली हाय म्हणतात," द्वारकाबाई म्हणाल्या. "घरांवर लाल फुल्या मारल्यात. ताई, तुमच्या वडलांनी नेमका कुठून काढला व्हता तो दगड? तेवढी जागा दावा, म्हणजे गाव तरी वाचंल."

मंदा म्हणाली, "मला नाही हो आठवत." फोन ठेवल्यावर तिनं तोंडात मारून घेतलं. अक्षरशः, दोन्ही गालांवर.

आखाजीला सिंधू आली. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात. आईवडील नसले तरी सिंधूचं माहेर मंदानं चालू ठेवलं होतं. मागच्या अंगणातल्या लिंबाला झोका, सांजोरी, आमरस. सिंधू झोक्यावर बसली, पन्नाशी उलटली तरी पाय उचलून. मंदानं झोक्याची दोरी धरली आणि सगळं सांगितलं.

सिंधूनं पाय खाली टेकवले. "तू बोलली तर माही विहीर जाईन."

"अंबाखोरचा झरा गेला, सिंधू."

"गेला ना? मंग माही विहीर घालवून तो परत येनार हाये का?"

"घरं तरी वाचतील," मंदा म्हणाली. "फुल्या मारल्यात गं घरांवर. आपल्या अण्णांच्या एका शब्दापायी."

"अण्णांनी तो शब्द माह्यासाठी ठेवला व्हता. माही पोरगी तहानली राहू नये म्हनून. तुले काय कराचं व्हतं? नुसतं गप बसाचं व्हतं. तीस वर्षं बसली, अजून बस." मग तिचा आवाज खाली आला. "ताई, माह्या पोराचं, हेमराजचं, लगन ठरतंय. विहिरीकडं पाहूनच सोयरीक जुळली. आजकाल पोरीवाले आधी पानी पाहतात. एवढं होऊ दे."

"ते लोक हातानं काढतील. मी तसं वचन घेईन. पोकळीतला दगड तेवढा काढतील, तुझं पाणी राहील."

"तुले खरंच असं वाटतं?"

मंदाला तसं वाटत नव्हतं. वाटावं अशी तिची फार इच्छा होती, आणि माणूस अशा वेळी या दोन गोष्टी एक करून टाकतो. ती म्हणाली, "हो."

सिंधूनं सांजोरीचा डबा घेतला नाही. त्या संध्याकाळी मंदानं झोका सोडून ठेवला आणि चार दिवस दुकान उघडलं नाही. पाचव्या दिवशी ती एसटीनं अंबाखोरला गेली. कमानीखालून आत शिरली तर पहिल्याच घरावर लाल फुली. झऱ्याच्या जागी एक म्हातारी ओल्या मातीत वाटीनं खरवडत बसली होती, वाटीत आलेलं गढूळ पाणी फडक्यातून गाळत होती. तिनं मंदाला ओळखलं. कमानीच्या दिवशीच्या पाहुण्या त्या ह्याच, म्हणाली, आणि गाळलेलं पाणी आधी तिच्यापुढे धरलं.

मंदानं तिथूनच बेडेकरांना फोन लावला आणि हिवरदरीचं नाव सांगितलं.

बेडेकरांनी वचन दिलं, हातानं काढू, मी स्वतः उभी राहीन. त्या खरंच उभ्या राहिल्या. पहिले दोन दिवस माणसं दोरानं उतरून छिन्नीनं दगड काढत होती. तिसऱ्या दिवशी वरून हुकूम आला की वेग वाढवा. विहिरीच्या काठावर यंत्र आलं आणि सोंड आत सोडली. पोकळीच्या खाली लाल मातीचा घट्ट थर होता, दोन लाव्हांच्या मधला. त्या थरानंच वरचं पाणी धरून ठेवलं होतं. सोंड त्यातून आरपार गेली. एखाद्या पातेल्याच्या बुडाला भोक पडावं तसं झालं. विहिरीतलं पाणी आधी फिरलं, मग खाली खाली जात दिसेनासं झालं. काठावर बेडेकर काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

दगड निघाला दोन पोती. एका बुडबुड्यात मावेल तेवढाच. आसपासच्या शिवारात शोधलं, पण आणखी कुठे लागला नाही. विरजणाला मात्र तेवढा पुष्कळ होता. वर्षभरात पाण्याच्या पेट्या बाजारात आल्या. पुण्या-मुंबईच्या बाल्कन्यांत त्या दिसू लागल्या. लोक म्हणू लागले की चहाला त्याचं पाणी बरं नाही, कुंड्यांना मात्र छान.

अंबाखोरची यंत्रं उठली. फुल्या राहिल्या, अर्धा डोंगर राहिला, झरा आला नाही. दगडच नाही म्हटल्यावर सरकारला गावाशी कर्तव्य उरलं नाही. कमानही तशीच राहिली, कारण खनिजाचं नाव एकदा नोंदलं की गाव चुकलं म्हणून बदलत नाहीत. द्वारकाबाईंनी एकदाच फोन केला. "मी इचारलं तेव्हा तुम्हाला माहीत व्हतं ना?" मंदा हो म्हणाली. तिकडून फोन बंद झाला.

पुढच्या आखाजीला मंदानं लिंबाला झोका बांधला. सांजोरी केली, आमरस केला, दार उघडं ठेवून बसली. सिंधू आली नाही. फोन तर वर्षभर उचललाच नव्हता. हेमराजचं लग्न मार्गशीर्षात झाल्याचं मंदाला जळगावच्या बाजारात एका भाजीवालीकडून कळलं होतं. ठरलेली सोयरीक विहिरीसोबत मोडली होती. ही दुसरी मुलगी, लांबची, विदर्भातली. आत्याला, काकाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आमंत्रण होतं. मावशीला नव्हतं.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी ती हिवरदरीला गेली. आखाजीला माहेरच सासरी चालत गेलं असं पहिल्यांदाच घडत होतं.

विहिरीवर लोखंडी जाळी टाकलेली होती. ओट्याशेजारी नुकसानभरपाई म्हणून आलेली पाण्याची पेटी, निळ्या रंगाची, आणि नळीखाली स्टीलचं पातेलं. ज्या दारात निम्मं गाव घागरी घेऊन यायचं तिथे आता एवढंच पाणी होतं, दोघा-तिघांच्या पिण्यापुरतं. ओट्यावर एक नवी सून गहू निवडत बसली होती, हातात अजून लग्नाचा चुडा. तिनं मंदाला कधी पाहिलेलं नव्हतं. ती पदर सावरत उठली.

"कोण पाहिजे?"

मंदाच्या हातात सांजोरीचा डबा होता. आपल्या हेमराजची बायको ती हीच, असं मनात म्हणत ती तिच्याकडे पाहतच राहिली. तेवढ्यात सिंधू दारात आली. केस किती पिकले होते तिचे. दोघींची नजरानजर झाली. मंदाला वाटलं, ही आता शिव्या देईल, आणि देऊ दे, असंही वाटलं. रडली तर फारच बरं.

"आई, कोण आल्यात?" सुनेनं विचारलं.

सिंधूनं चौकटीला हात टेकवला. श्वास घ्यावा इतक्या सहज ती म्हणाली, "अंबाखोरच्या बाई हायेत. दगडाचं काही पाहाले आल्या असतीन. पानी दे त्यायले." आणि ती आत गेली.

मंदा ओट्यावर बसली. सिंधूही अण्णांचीच लेक. धंदा तिला कोणी शिकवला नव्हता, तरी येत होता. जी वस्तू आपली म्हणायची नसते तिला सांगायचं गाव लावायचं.

सुनेनं पातेल्यातून पेला भरून आणला. मंदा पाणी प्यायली. हवेतून ओढलेलं पाणी, त्यात ना क्षार, ना माती, कसली म्हणून चव नाही. याच ओट्यावर ती तीस वर्षं विहिरीचं पाणी प्यायली होती. ते जरा तुरट आणि गोड लागायचं, आणि सिंधू नेहमी म्हणायची, अजून घे ताई, आमच्याकडं पान्याले कमी नाही.

"अंबाखोर म्हणजे कुठं आलं, मावशी?" सुनेनं अदबीनं विचारलं. अनोळखी बाईला म्हणतात तसं, मावशी.

मंदानं पेला पालथा घातला आणि डबा पिशवीत परत ठेवला.

"लांब आहे, बाई," ती म्हणाली. "धुळ्याच्या पलीकडे. तिथे एक झरा होता."